पुढे उभी राहिलेली वैद्यीण

४ मार्च

धाकट्या,

फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. शिपाई हे पाकीट स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तुझ्या हातात देईल आणि तुला ते निमूट घ्यावं लागेल. एवढे डावपेच मलाही येतात.

कामाचं बोलते. एका प्रकाशक बाईंना आपला खेळ छापायचा आहे. बाई त्या खेळांच्या संमेलनात हजर होत्या. हो, त्याच. तिथे आपलं जे हसं झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी गेली अडीच वर्षं हा खेळ डोक्यातून जात नाही म्हणाल्या. राक्षस, शापित किल्ले आणि बोलणारे लांडगे हल्ली सगळ्यांकडेच असतात, पण लढाई इतकी विचार करून कुणी बांधत नाही, हे त्यांचे शब्द. मी त्यांना खेळ पुन्हा पहिल्यापासून समजावला. टेबलाभोवती चार जण, प्रत्येकाचा एक पेशा. ढालकरी पुढे उभा राहून मार खातो, मांत्रिक लांबून जाळतो, चोर मागून वार करतो आणि वैद्य पडलेल्यांना उठवतो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे सूत्रधार, म्हणजे मी, शत्रूंच्या वतीने फासे टाकणारी. तुझी गैरहजेरीची कसोटीही सांगितली: चौघांपैकी कुणीही एक जण आला नाही, तरी लढाई सारखीच अवघड व्हायला हवी. ज्याच्या नसण्याने कुणाचं अडत नाही तो पेशा कच्चा, आणि ज्याच्यावाचून पानही हलत नाही तो जरुरीपेक्षा भारी. बाईंनी हे वहीत उतरवून घेतलं.

त्यांची अट एकच. तीस जूनपर्यंत वैद्य दुरुस्त करून द्या. आत्ताचा वैद्य दुसऱ्या फेरीतच मरतो, असा पेशा कुणी हौसेने घेणार नाही.

तुझी नोंदवही माझ्याकडे आहे. त्या दिवशी तू ती हॉलमधल्या टेबलावर टाकून गेलास. आईबरोबर खेळलेल्या त्रेसष्ट लढाया, प्रत्येक वार, प्रत्येक फासा, तुझ्या मुंगीएवढ्या अक्षरात. आकड्यांत कुठेतरी गोम आहे आणि ती मी शोधून काढणार आहे. तुझ्याकडून फक्त होकार हवा. पुस्तकावर तुझं नाव पहिलं असेल आणि माझं त्याखाली. नको म्हणालास तरी मी थांबणार नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

ताई

१७ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तेरा दिवस वाट पाहिली, म्हणजे माझ्या मानाने खूपच.

आम्ही कामाला लागलो आहोत. आम्ही म्हणजे मी, कुलूपवाले काका आणि खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर. तू गेल्यापासून हे टेबल मांडलंच नव्हतं, त्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे. पहिल्या बावीस लढायांत आईची वैद्यीण चार वेळा पडली होती, ते आकडे मला रास्त वाटतात. संशय पुढच्यांचा आहे. म्हणून तेविसाव्यापासून त्रेसष्टाव्यापर्यंत एकेचाळीस लढाया पुन्हा खेळायच्या ठरवल्या, आणि त्याही तू कापाकापी करण्याआधीचा वैद्य घेऊन. आठवतो ना? आठ बाजूंचा फासा टाकून पडतील तेवढे जीव परत देणारा, लढाईत तीनदा, अंगात कातडी चिलखत. शनिवारी चार वाजता नेहमीप्रमाणे, शिवाय रविवारी सकाळी.

काकांनी स्वतःचा चोर घेतला आणि तुझा ढालकरीही. मांत्रिक डॉक्टरचा होताच. राहिला वैद्य, तो कुणी घेईना. काका म्हणाले, त्यांना दारं उघडायची सवय आहे, माणसं उठवायची नाही. डॉक्टर म्हणाली, दिवसभर लोकांच्या जबड्यात वाकून आल्यावर पुन्हा मलमपट्टी कोण करणार. शेवटी तिनेच घेतला, पण असा चेहरा करून की वैद्यालाच उपचारांची गरज आहे. काका अजूनही खेळातल्या प्रत्येक कुलपाला हरकत घेतात. परवा अर्धा तास एका तळघराच्या दारापाशी अडून बसले, असं कुलूप तारेने उघडतच नाही म्हणून. चोर त्यांचाच, उघडणार तेच, तरीही.

नऊ लढाया झाल्या. डॉक्टर हुबेहूब आईसारखी खेळली. वैद्य ढालकऱ्याच्याही पुढे, पहिला मार त्याच्या अंगावर, आणि एकही उपचार स्वतःसाठी न वापरता. तुझ्या वहीत त्या एकेचाळीस लढायांत आईची वैद्यीण एकदाही पडलेली नाही. आमची नऊपैकी सहा वेळा पडली.

तू काढलेला निष्कर्ष मला पाठ आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस की आईला या पेशाची खुबी सापडली, उद्या पुस्तक वाचून सगळेच वैद्याला आघाडीवर उभं करतील आणि ढालकरी धूळ खात पडेल. म्हणून तू वैद्याचं चिलखत काढलंस, आठ बाजूंच्या जागी चार बाजूंचा फासा दिलास आणि तीन उपचारांचे दोन केलेस. हातात जे आकडे होते त्यावरून कुणीही हेच केलं असतं. मग आमची वैद्यीण का पडते, ते मला कळेनासं झालं आहे.

आज लॅबमध्ये एका ठेकेदाराचा इंजिनिअर आला होता. त्यांच्या काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून आज मशीनखाली दाबले, ताकद वीस भरायला हवी होती, ते अठरालाच फुटले. त्याला वीस लिहून हवं होतं. खूप गोड बोलला, घरी लहान मुलं आहेत म्हणाला. मी त्याला सांगितलं की ठोकळा जेवढ्याला फुटला तेवढंच कागदावर येईल, आणि दार दाखवलं. सगळ्या लॅबने मान डोलावली. मी मात्र त्या मानांकडे न बघता उरलेले ठोकळे मोजत बसले.

ताई

२९ मार्च

धाकट्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला सगळं कळतं आहे. पहिल्या दिवसापासून कळत होतं.

आता सरळ सांगते, नाहीतर पुन्हा शेपूट घालीन. तेविसाव्या लढाईपासून मी आईसाठी खोटे आकडे सांगत होते. आडोशामागे फासा टाकायचा, पडला असेल तो बघायचा, आणि वार आईवर असेल तर लहान आकडा मोठ्याने वाचायचा. तू मान खाली घालून तो लिहून घ्यायचास. तुमच्या तिघांवरचे वार खरे होते. त्रेसष्ट लढायांत तुझा ढालकरी चौदा वेळा पडला, ते चौदाही खरे.

का, ते तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही. त्या आठवड्यात आईचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. शनिवार हा तिचा एकमेव चांगला दिवस. यंत्राच्या सुया टोचायला उजव्या हाताची शीर जोडून फिस्टुला केलेला, म्हणून ती डाव्या हाताने फासे टाकायची आणि ते घरंगळत खाली जायचे. आठवड्यात तीन दिवस ती यंत्राला जोडलेली असायची, आणि शनिवारी चार वाजता मी तिच्या अंगावर भालेवाले सोडायचे? माझ्याने झालं नाही. एकदा नाही झालं, दुसऱ्यांदाही नाही, मग तो माझा नियमच झाला. आपल्या खेळातला एकच नियम तू लिहिलेला नव्हतास, आणि नेमका त्यावरच तू वैद्याचा हिशेब मांडलास.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू आठ महिने त्या वहीवर डोकं घालून बसला होतास. आई गेल्यावर तर तू दुसरं काही करतच नव्हतास. दर रविवारी मला फोन करून सांगायचास की आई केवढी हुशार खेळाडू होती, आकड्यांत दिसतं म्हणून. मी ऐकायचे आणि मूग गिळून बसायचे. तुझ्याजवळ तिचं एवढंच उरलं होतं, ते हिसकावून घ्यायला जीभ उचलत नव्हती.

हेही एक वेळ चाललं असतं. पण संमेलनात काय झालं? चार अनोळखी मुलं आपल्या टेबलावर बसली, तीन लढाया खेळली, आणि तिन्हीत वैद्य दुसऱ्या फेरीत आडवा. वैद्य घेतलेली मुलगी शेवटी फासे ठेवून उठली आणि लोक हसायला लागले. तो मिशीवाला परीक्षक वाकून विचारता झाला की हे तपासलं तरी कसं. तू केवढ्या विश्वासाने वही उघडलीस. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, सूत्रधार तुम्हीच होतात ना? आणि मी म्हणाले, "फासे मी टाकले, हिशेब याचा. हिशेबातच चुकलं असणार."

तू गणिताचा मास्तर. तुझे दोन विद्यार्थी मागे उभे होते.

तू माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि गेलास. पुढच्या महिन्यात बदलीही मागून घेतलीस. तुझा हिशेब बरोबर होता, धाकट्या. एकूण एक बेरीज बरोबर होती. मी तुझ्या हातात खोटी रीडिंगं दिली आणि वर चारचौघांत तुलाच उघडं पाडलं. त्या क्षणी मला माझी लाज वाचवायची होती, बाकी काहीही कारण नाही.

या शनिवारी आडोसा फाडून टाकला. आता फासे टेबलाच्या मधोमध पडतात. काकांना आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. डॉक्टर फासे गोळा करत म्हणाली की अजून बत्तीस लढाया राहिल्या आहेत, चला. काका मात्र लवकर उठून गेले.

ताई

१३ एप्रिल

धाकट्या,

काका दोन आठवडे खेळायला आले नाहीत. मला वाटलं, रागावले. आज दुपारी त्यांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. भिंतभर खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या. ते कानशीने किल्ली घासत होते. मी म्हणाले, काका, शिव्या द्या पण शनिवारी या. त्यांनी किल्ली फुंकली, उजेडात धरली, आणि म्हणाले की माझ्यावर राग नाही, स्वतःवर आहे, कारण त्यांना ठाऊक होतं.

त्यांना आईने सांगितलं होतं.

मी स्टुलावर बसले. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्याइतकंच तुझंही आहे. आईच्या हे पाच-सहा शनिवारांतच लक्षात आलं होतं. मी पूर्वी फासा टाकला की आकडा वाचायचे आणि मग मान वर करायचे. आजारपणानंतर तिच्यावर वार आला की मी आधी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि मग आकडा सांगायचे. तिला तेवढं पुरलं. तुझी आई होती ती, गणित तुझ्यात आकाशातून नाही पडलं. काकांनी तिला विचारलं, मग सांगत का नाही तिला? त्यावर आई म्हणाली, "पोरगी मला मारणार नाही, हे पक्कं. मग मी मागे लपून काय करू? पुढे उभी राहिले तर तुम्हा तिघांना लागायचं ते माझ्यावर येईल आणि माझ्यावर आलेलं वाया जाईल. आहे की नाही चांगली युक्ती?"

काका म्हणाले, त्यांनी हात जोडले. आणि तिने बजावलं की पोरांना कळता कामा नये.

वैद्य पुढे, ढालकरी मागे. आपण त्या डावपेचाला नावं दिली, तू तर त्यावर चार पानं लिहिलीस. तिला पेशाची खुबी सापडली नव्हती रे. तिला मी सापडले होते. आणि ते तिने तुझा ढालकरी वाचवायला वापरलं. वही काढून बघितलं मी आल्या आल्या. तिने पुढे उभं राहायला सुरुवात केल्यावर तुझा ढालकरी फक्त दोनदा पडला आहे.

काकांच्या दुकानात रडले. एक गिऱ्हाईक कपाटाचं कुलूप घेऊन आलं होतं, ते तसंच परत गेलं. मग काकांनी तोंड धुवायला पाणी दिलं आणि विचारलं की त्या पुरात अडकलेल्या चौकीची लढाई पुन्हा खेळायची आहे ना, तिथलं कुलूप निदान या वेळी तरी नीट लिही.

ताई

११ मे

धाकट्या,

एकेचाळीस लढाया मागच्या आठवड्यात पुऱ्या झाल्या. पहिल्या नऊ सोडून सगळ्या उघड्या फाशांनी. निम्म्या वैद्याला पुढे ठेवून आणि निम्म्या तू मूळ मसुद्यात सांगितलं होतंस तसं, ढालकऱ्याच्या मागे, एका हाताच्या अंतरावर. पुढे उभा वैद्य वीसपैकी तेरा वेळा पडला. मागचा एकवीसपैकी चार वेळा. म्हणजे वैद्याला पुढे उभं करणं हा मूर्खपणा आहे, जगातला कुठलाही खेळाडू तो दुसऱ्यांदा करणार नाही, आणि तो रोखायला वैद्याला छाटायची मुळीच गरज नव्हती. मग आम्ही गैरहजेरीची कसोटी लावली. एकदा चोराला घरी बसवलं, एकदा मांत्रिकाला, एकदा ढालकऱ्याला, एकदा वैद्याला. चौघांच्या नसण्याने लढाई जवळजवळ सारखीच जड गेली. डॉक्टरने आकडे दोनदा मोजले.

तुझा पहिलाच वैद्य बरोबर होता. आठ बाजूंचा फासा, तीन उपचार, कातडी चिलखत. नऊ वर्षांपूर्वी तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लिहिला होतास तो.

दरम्यान प्रकाशक बाईंनी एक सोपी वाट सुचवली. वैद्यावरून एवढा घोळ आहे तर तो पेशाच काढून टाका, तीन पेशांचा खेळ करू, लोकांना सुटसुटीत आवडतं. मी त्यांना सांगितलं की वैद्य राहील, नाहीतर पुस्तक राहील. त्या म्हणाल्या, तुम्ही फार हट्टी आहात. मी म्हणाले, माझ्या भावाला विचारा. मग मला आठवलं की ते तूर्त शक्य नाही.

काल संमेलनही होतं. दर सहा महिन्यांनी भरणारं तेच, त्याच हॉलमध्ये, तीच लोखंडी टेबलं. मी आयोजकांकडून पाच मिनिटं मागून घेतली होती. उभी राहिले आणि सांगितलं की अडीच वर्षांपूर्वी मी इथे म्हणाले होते, हिशेब चुकला. हिशेब चुकला नव्हता. सूत्रधार म्हणून मी एकेचाळीस लढायांत आकडे खोटे सांगितले होते आणि दोष भावावर ढकलला होता. आईचं नाव काढलं नाही. ते काढलं असतं तर लोकांनी मला लगेच माफ केलं असतं, आणि मला ते नको होतं.

मिशीवाला परीक्षक पुढच्याच रांगेत होता. त्याने विचारलं, मग यापुढे तुमच्या टेबलावर कुणी का बसावं? प्रश्न योग्य होता. मी त्याच्यासमोर नवी वही ठेवली, प्रत्येक पानावर काका आणि डॉक्टर दोघांच्या सह्या, आणि म्हणाले की माझ्यावर विश्वास ठेवू नका, फासे घ्या आणि बसा. तो बसला. वैद्यच मागितला त्याने, मुद्दाम. चांगला खेळला मेला. तीन लढाया, एकदा पडला. उठताना म्हणाला की ज्याने हा पेशा बांधला त्याला माणसं कळतात.

हे सगळं प्रस्तावनेत लिहिलं आहे. मसुदा सोबत जोडला आहे. एक शब्दही बदलायचा असेल तर बदल, पण माझी चूक सौम्य करायची नाही.

प्रकाशक बाईंनी सगळं मुदतीआधीच, येत्या शनिवारी मागितलं होतं. मी तीस जूनपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तुझ्या होकाराशिवाय तुझं नाव छापणार नाही, आणि तुझ्या नावाशिवाय खेळ छापणार नाही. पहिल्या पत्रात मी थांबणार नाही म्हणाले होते. थांबते आहे.

ताई

९ जून

धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. शिपायाने नाही, डॉक्टरने वर आणून दिलं, तिच्या पेटीत पडलं होतं. ती दारात उभीच राहिली, वाचल्याशिवाय जाईना. शेवटी मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. फार वेळ लागला नाही, पाच तर ओळी.

पुस्तकाला होकार दिलास. प्रस्तावनेतला एक शब्द बदलला नाहीस. आणि तिसऱ्या ओळीत लिहिलंस, 'बावीसनंतर आई एकदाही पडली नाही, हे मला दिसत होतं. मी ते तिचं डोकं मानलं. मला तसंच मानायचं होतं.' ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तू माझा भार उचलायला बघतो आहेस की फक्त खरं बोलतो आहेस, ते मला ठरवता आलं नाही. बहुतेक दोन्ही. पण तो भार माझा आहे, तो मीच ठेवून घेते.

तू विचारलं आहेस की पहिला खोटा आकडा कुठला. सांगते.

तेविसावी लढाई, दगडी पुलावरची. तुझा ढालकरी आधीच पडला होता. मांत्रिकाचं बळ संपलेलं, चोर पुलाखाली लोंबकळत होता. आई तेव्हा पुढे वगैरे नव्हती, ती तुला उठवायला धावत आली होती. तिचे तीनच जीव उरले होते, एका भाल्यात संपणारे. भालेवाल्याचा वार तिच्यावर. तिच्या चिलखताचा आकडा तेरा, त्याच्या वर पडला की भाला लागला. मी आडोशामागे वीस बाजूंचा फासा टाकला. तिने विचारलं, "लागला का गं?"

एकोणीस पडला होता.

मी म्हणाले, चार. चुकला. आणि तिने डाव्या हाताने उपचाराचा फासा टाकून तुला उठवलं.

म्हणजे आपल्या आईची वैद्यीण खरं तर त्या पुलावरच गेली. त्यानंतर ती आणखी चाळीस लढाया खेळली. त्यांतले खरे आकडे मला आठवत नाहीत. आणि आता खरं तेच लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहिते: त्या चाळीस शनिवारांबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. त्यांतला एकही मला परत करायचा नाही. तू ते आकडे घेऊन बसलास तेव्हा मी गप्प राहिले, त्याची मागते. आणि हॉलमध्ये जे एक वाक्य बोलले, त्याची रोज मागते.

तुझी अटही वाचली. शाळा सुरू व्हायच्या आधी, येत्या शनिवारी, चार वाजता. सूत्रधार तू, आडोसा नाही, ढालकरी काकांकडे, आणि वैद्य मी. मला हे पेशे वाटून देण्यातलं तुझं डोकं कळलं बरं का. मान्य आहे. डॉक्टर आतापासून खूश आहे, तिची मलमपट्टीतून सुटका झाली.

मी ढालकऱ्याच्या मागे एका हाताच्या अंतरावर उभी राहीन, तू लिहिलं आहेस तशी. पण कधी ना कधी वार माझ्यावर येईल. तेव्हा मी तुझी बहीण आहे, वय झालं आहे, दोन महिने झोप झालेली नाही, असलं काही मनात आणून हात आखडू नकोस. फासा टेबलाच्या मधोमध टाक आणि जे पडेल ते मोठ्याने वाच. एकोणीस पडला, तर एकोणीस म्हण.

तुझी ताई